सिमेंटनं दात उगवत नाही, पण नस वाचू शकते

गेल्या काही महिन्यांत कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात कितीतरी पेशंटनी मोबाईल पुढं करून एकच मेसेज दाखवला. मजकूर थोडक्यात असा: ‘परदेशातून जिवंत सिमेंट आलंय. ते भरलं की किडलेला दात आतून परत उगवतो, रूट कॅनल लागतच नाही. धंदा बुडेल म्हणून डॉक्टर सांगत नाहीत. साधं पांढरं सिमेंट दात पोखरतं, ते घेऊ नका. दातात भरलेली जुनी चांदी विष आहे, आजच काढून टाका.’

मला हे लिहायला लावलं ते करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळवाल्यानं. “डॉक्टर, ते दात उगवायचं सिमेंट घाला की ओ,” म्हणत आला. आधी गार पाण्यानं सळक यायची, मग गरम चहानं, मग रात्रभर ठणका. आता आठवडाभर काहीच दुखत नाही म्हणून खूश होता. दुखायचं थांबलं, कारण नस मेली होती. ते सिमेंट कोल्हापुरात यायची वाट बघत तो तीन महिने थांबला होता.

‘दात परत उगवतो’ हे आधी घेऊ. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज असतं. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. मोडलेलं हाड सांधतं, कापलेली कातडी भरून येते, पण गेलेलं इनॅमल परत आणणारं कोणतंही फिलिंग आज दवाखान्यात नाही. २०१७ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी उंदरांच्या दातांत औषधात भिजवलेला कोलॅजन या प्रथिनाचा बारीक स्पंज ठेवला आणि आत नवं डेंटिन, म्हणजे इनॅमलखालचा थर, तयार झालेलं दाखवलं. काम चांगलं आहे, पण ते उंदरांवर, बारीकशा छिद्रात झालेलं आहे.

तरी या दाव्यात खऱ्याचा एक धागा आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. इनॅमलखालच्या डेंटिनमध्ये सुमारे ७० टक्के खनिज असतं, बाकी कोलॅजनची जाळी आणि पाणी. किडीचं आम्ल आधी खनिज ओढून नेतं, जाळी काही काळ टिकून असते. वरचा लगदा झालेला थर काढावाच लागतो. पण नसेजवळचा, चामड्यासारखा मऊ झालेला थर खनिज परत धरू शकतो. म्हणून खोल किडीत आम्ही आता सगळं खरवडून नस उघडी पाडत नाही. कडा स्वच्छ करतो, तळाशी थोडं मऊ डेंटिन राहू देतो आणि वरून तोंड घट्ट बंद करतो.

आणि इथंच ते बदनाम पांढरं सिमेंट कामाला येतं. ग्लास आयोनोमर हे त्याचं नाव. लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत विल्सन आणि केंट यांनी ते घडवलं. काचेची खास पूड आणि पॉलिअॅक्रिलिक आम्ल कालवलं की ते दातातल्या कॅल्शियमला रासायनिक रीतीनं धरून बसतं. फ्लोराइड सोडतं, पहिले काही दिवस जास्त, पुढं कमी, आणि टूथपेस्टमधून थोडं परत शोषून घेतं. दात पोखरायला त्याच्यात काहीच नाही. चावायच्या जागी ते कंपोझिटपेक्षा, म्हणजे दाताच्या रंगाच्या रेझिनच्या फिलिंगपेक्षा, लवकर झिजतं, एवढं खरं. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. फिलिंगशेजारी परत कीड लागते ती बहुतेक वेळा खाण्यामुळं, आणि ‘गूळ नैसर्गिक, त्यानं दात किडत नाहीत’ ही आपल्याकडची समजूत त्यात भर घालते. गुळातही मुख्यतः साखरच असते, दिवसभर चघळला तर दात किडणारच.

‘रूट कॅनल लागतच नाही’ हा दावा सगळ्यात घातक. मेसेजमधलं ‘जिवंत सिमेंट’ म्हणजे बहुधा कॅल्शियम सिलिकेट. त्यातलं एमटीए नावाचं सिमेंट १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात तोराबिनेजाद यांनी पुढं आणलं. बांधकामाच्या पोर्टलँड सिमेंटचं ते जवळचं भावंड, ओलाव्यातच घट्ट होतं. बायोडेंटिन त्याच कुळातलं, पण बारा-एक मिनिटांत बसतं. दोन्हींतून कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटतं आणि नसेतल्या पेशी खालून डेंटिनचा नवा थर घालतात. म्हणजे थर घालते ती नस, सिमेंट नुसतं तिला उठवतं. मेलेल्या नसेला कोण उठवणार? गार लागून आलेली कळ दोन-चार सेकंदांत थांबत असेल तर आशा भरपूर. कळ रेंगाळते, झोप मोडते, तेव्हा काही दातांत वरची नस काढून खालची वाचवता येते. नस पुरती मेली की रूट कॅनल, नाहीतर दात काढणं.

आणि डॉक्टर लपवतात म्हणे! ही सिमेंटं कोल्हापुरात मिळतात, आम्ही ती वापरतो, साध्या सिमेंटपेक्षा महाग पडतात. हां, आमच्यातल्या काहींनी रूट कॅनलची घाई केली आहे, हे मी नाकारणार नाही. त्या अविश्वासावरच असा मेसेज जगतो.

चांदीबद्दल थोडक्यात. तिच्यात वजनानं निम्मा पारा असतो, हे खरं. युरोपीय संघानं १ जानेवारी २०२५ पासून ती मोजके अपवाद सोडून बंद केली, त्यात पर्यावरणाची काळजी मोठी आहे. लहान मुलांना आणि गरोदर बाईला मी ती नव्यानं भरत नाही. पण घट्ट बसलेली जुनी चांदी उगाच उकरली तर पाऱ्याची वाफ तेव्हाच जास्त सुटते आणि चांगला दातही खरवडला जातो. तडा गेला, खाली कीड दिसली, तरच काढा.

गुऱ्हाळवाल्याच्या दाढेचं रूट कॅनल दोन बैठकांत केलं. दुसऱ्या खेपेला तो पोरीला घेऊन आला, “हिला बी गार लागलं की सळक मारतीया.” अकरा वर्षांची पोर, खालची दाढ खोल किडलेली, पण गार लावून बघितलं तर कळ लगेच थांबली. तळचं मऊ डेंटिन राखलं, बायोडेंटिन घातलं, वरून पक्कं फिलिंग केलं. दीड महिन्यानं पुन्हा गार लावून बघितलं, नस जिवंत आहे. सहा महिन्यांनी एक्स-रे काढायचा आहे.