प्लाझ्मा दिला म्हणून पीएलए लवकर कुजतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, आकड्यांसकट आक्षेप घेतलात, त्यामुळे नेमकं बोलता येतं. तुमचं म्हणणं असं: पीएलए (पॉलिलॅक्टिक अॅसिड, विघटनशील प्लास्टिक) याच्या 20 मायक्रॉनच्या फिल्मला 10 मिनिटं ऑक्सिजन प्लाझ्मा (विजेने आयनित केलेला वायू) दिला, आठवडाभर बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या फॉस्फेटच्या द्रावणात ठेवली, तर साध्या फिल्मपेक्षा 2 टक्के जास्त वजन घटलं. मग ‘प्लाझ्माचा परिणाम वरच्या थरापुरताच’ हे माझं म्हणणं कसं खरं?

आधी जाडीचा हिशेब. प्लाझ्मातले आयन आणि रॅडिकल साधारण 10 नॅनोमीटरपर्यंतच रसायन बदलतात. दोन्ही बाजू धरल्या तरी 20 मायक्रॉनमध्ये हा थर 0.1 टक्का होतो. तुमचे 2 टक्के म्हणजे 400 नॅनोमीटर. एवढा माल 37 अंशांच्या बफरने आठवड्यात खाल्ला, हे पटत नाही. पीएलएमध्ये पाणी आतपर्यंत शिरतं आणि साखळी जोडणारे एस्टर बंध फिल्मभर तुटतात. आधी रेणुभार (साखळ्यांची सरासरी लांबी) उतरतो, वजन त्यानंतर बऱ्याच काळाने.

घोळ वजनाच्या वेळेत आहे. सुरुवातीचं वजन तुम्ही प्लाझ्माआधी घेतलंत. क्लोरोफॉर्ममधून ओतलेली फिल्म कोरडी दिसली तरी तिच्यात द्रावक उरलेला असतो, आणि चेंबरच्या व्हॅक्यूममध्ये तो निघतो. शिवाय 10 मिनिटांत ऑक्सिजन प्लाझ्मा पॉलिमर खरवडून त्याचा वायू करतो आणि तो पंपावाटे जातो. दोन्ही घट चेंबरमध्येच झाली, बिल मात्र बफरच्या नावावर फाटलं.

प्रयोग पुन्हा करा, सोडू नका. फिल्म व्हॅक्यूम ओव्हनमध्ये 40 अंशांना, लागोपाठची दोन वजनं जुळेपर्यंत सुकवा. गट तीन ठेवा: साधी, प्लाझ्मा दिलेली, आणि चेंबरमध्ये फक्त पंप चालवून काढलेली. हा तिसरा गट नसेल तर बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही. सुरुवातीचं वजन चेंबरमधून काढल्यावर घ्या. प्लाझ्मा 30 सेकंद ते 1 मिनिट पुरे. पीएलए 55-60 अंशांना मऊ पडतं. जास्त वेळ दिला की कडा आखडतात, स्फटिकपणा वाढू शकतो, आणि स्फटिक भागात पाणी उशिरा शिरत असल्याने निकाल उलटाही लागतो. बफरनंतर डिस्टिल्ड पाण्याने तीनदा धुवा, नाहीतर फॉस्फेटचं मीठ वजनात धरलं जातं. रेणुभार मोजाच, जीपीसीची (साखळ्या लांबीनुसार वेगळ्या करणाऱ्या यंत्राची) सोय नसेल तर उबेलोड व्हिस्कोमीटरवरही, म्हणजे द्रावणाचा दाटपणा मोजणाऱ्या काचनळीवरही, उतार कळतो.

फिल्मवर ठेवलेल्या पाण्याच्या थेंबाचा कोन (प्लाझ्माने पृष्ठभाग ओला होऊ लागला की तो उतरतो) आठ दिवसांत परत चढला, हा तुम्ही विघटनाचा पुरावा मानलात. तो नाही. पृष्ठभागावरचे ऑक्सिजनयुक्त गट आत वळतात, आणि उष्णतेत हे झपाट्याने होतं. जळगावच्या मे महिन्यात नमुने टेबलावर ठेवले तर दुसरं काय होणार? कोन त्याच दिवशी मोजा. मग फिल्म धुऊन, सुकवून पुन्हा मोजा. लगेच चढला तर प्लाझ्मा जास्त झाला आणि तुटके तुकडे पाण्यात गेले.

रावेर-यावलच्या केळीत मल्चिंग फिल्म (जमिनीवर अंथरायचं आच्छादन) किती टिकेल हे रेझिन, जाडी, ऊन आणि ओल ठरवतात. प्लाझ्माने तो काळ बेतता येईल अशी आशा धरू नका.

तुमचा मुद्दा खरा ठरतो तो पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन, दुसरं विघटनशील प्लास्टिक) आणि त्याला तोडणारं लायपेज हे एन्झाइम यांच्या बाबतीत. तिथे एन्झाइम वरूनच खात जातं, त्यामुळे ते पृष्ठभागावर कसं बसतं याला महत्त्व आहे. पण पीसीएलच्या साखळ्या खोलीच्या तापमानालाही हलत्या असतात, प्लाझ्माचा परिणाम लवकर ओसरतो. म्हणून लायपेजचं द्रावण आधी तयार ठेवा आणि फिल्म चेंबरमधून काढल्याबरोबर त्यात टाका.