जिल्ह्याची सरासरी आणि शाळांची क्रमवारी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जिल्हा परिषद शाळांची गुणवत्ता कशी मोजली जाते, या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा की, मी चाचण्यांना नावे ठेवून शिक्षकांची पाठराखण करतो. आपल्या मते, जळगाव, धुळे, नंदुरबारमधील प्रत्येक शाळेची सरासरी काढून क्रमवारी जाहीर केली, की कोण शिकवतो आणि कोण नुसता पगार उचलतो, हे आपोआप उघडे पडेल.

गावच्या शाळेचा हिशेब मागण्याचा पालकाला पूर्ण अधिकार आहे. क्रमवारीतून तो हिशेब मिळतो, हे मात्र मला मान्य नाही.

मुले किती शिकली हे देशभर तपासणाऱ्या, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाचा आपण दाखला दिला आहे. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी ते तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीसाठी झाले, तर ४ डिसेंबर २०२४ रोजी त्याचेच नवे रूप असलेले ‘परख’ सर्वेक्षण तिसरी, सहावी व नववीसाठी. दोन्हींची रचनाच अशी की, नमुन्यात आलेल्या शाळांवरून जिल्ह्याचा अंदाज बांधायचा. शितावरून भाताची परीक्षा होते, पण भातावरून एकेका शिताची होत नाही.

राहिल्या शाळेतच होणाऱ्या वर्षारंभीच्या पायाभूत आणि सत्राअखेरच्या संकलित चाचण्या. त्यांच्या उत्तरपत्रिका बहुधा शाळेतलेच शिक्षक तपासतात आणि गुणही तेच ऑनलाइन भरतात. त्या गुणांवर उद्या शाळेची अब्रू टांगली, तर ते कोणत्या दिशेला सरकतील, हे सांगायला तज्ज्ञ नको. शिवाय सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुवा या भागांतून दिवाळीनंतर अनेक कुटुंबे गुजरातेत किंवा ऊसतोडीला जातात, त्यामुळे वर्षारंभी पायाभूत चाचणीला बसलेले मूल वर्षअखेरीच्या चाचणीला वर्गात असेलच, याची खात्री नसते. आणि जे असते, त्याच्या घरची बोली पावरी किंवा भिली असल्याने त्याचे गणित पुष्कळदा आकडेमोडीपूर्वीच, उदाहरणाच्या वाक्यापाशी अडते.

चाचणी निरुपयोगी आहे, असे मी कुठेही म्हटलेले नाही. तिसरीतील एक मूल ४२ मधून १७ वजा करून ३५ लिहिते, दुसरे ती जागा कोरी सोडते. गुण दोघांनाही शून्य. परंतु पहिल्याने एककातील २ आणि ७ पाहून मोठ्यातून लहान वजा केला आहे, म्हणजे मांडणी आणि वजाबाकी त्याला येते, अडते ते दशक सुटा करण्यापाशी, आणि योग्य सराव मिळाला तर ते लवकर सुधारेल. दुसऱ्याला कदाचित संख्याच वाचता येत नसतील. सरासरीत ही दोन्ही मुले एकसारखीच दिसतात, आणि शिक्षकाला नेमका हाच फरक हवा असतो.

म्हणून मागायचेच असेल तर हे मागा : वर्षभर हजर असलेल्या त्याच मुलांची पायाभूतपासून वर्षअखेरपर्यंतची प्रगती, आणि केंद्रातील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातील, दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांनी तपासलेल्या उत्तरपत्रिका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्यांनी चौथीच्या मुलांकडून दुसरीच्या पुस्तकातील उतारा समोर वाचून घ्यावा. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेचे ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून घरोघरी जाऊन अशाच साध्या उताऱ्यावर मुलांचे वाचन तपासत आले आहे. एवढे करूनही हजर मुले जागची हलली नसतील, तर त्या शिक्षकाला अवश्य जाब विचारा. तेव्हा मी आपल्याच बाजूने बोलेन.