सावध करणं म्हणजे बदनामी नव्हे

म्युनिकच्या माझ्या ऑफिसातली एक सहकारी तंबू आणि सायकल घेऊन एकटी भारतात फिरणार आहे. तिच्यासाठी केलेली सूचनांची यादी मी आमच्या शाळेच्या ग्रुपवर टाकली, कुणी भर घालेल म्हणून. उत्तर आलं, ‘म्युनिकमध्ये बसून देशाची बदनामी करतेस.’

हा शब्द आता फार स्वस्त झालाय. मार्च 2024 मध्ये झारखंडच्या दुमका जिल्ह्यात, मोटारसायकलवर जग फिरायला निघालेल्या जोडप्यातल्या स्त्रीवर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर एका अमेरिकी पत्रकाराने भारतात पाहिलेल्या छेडछाडीबद्दल लिहिलं, तर राष्ट्रीय महिला आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी त्यालाच देशाची बदनामी केल्याबद्दल सुनावलं. अब्रू देशाची आणि जीव त्या बाईचा, यात आधी काय येतं?

इथे हिवाळ्यात रोज लाविनेनबेरिश्त, म्हणजे हिमस्खलनाच्या धोक्याचा अहवाल, निघतो. बर्फ कुठल्या उतारावरून सुटेल, धोका पाचपैकी कितवा, सगळं लिहिलेलं असतं. तो वाचून बायर्नचा, म्हणजे आमच्या या राज्याचा, अपमान झाला असं कुणाला वाटत नाही. लोक दुसरी वाट धरतात, एवढंच.

माझ्या यादीत तरी काय होतं? गार्मिनचं इनरीच, म्हणजे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र, घरीच ठेव. आल्प्समध्ये ते सोबत असणं शहाणपणाचं, पण भारतात उपग्रहावरून चालणारं यंत्र परवानगीशिवाय चालत नाही आणि विमानतळावरच पोलीस गाठू शकतात. लेह 3,500 मीटरवर आहे, विमानाने उतरलीस की पहिले दोन दिवस सायकलला हात लावू नकोस. कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धू आणि त्याच दिवशी लस घे, जर्मनीत आधी टोचून घेतली असलीस तरी. लॉजवाल्याने खोली नाकारली तर तो गोरेपणाचा राग नसतो. परदेशी पाहुण्याची माहिती 24 तासांत सरकारकडे भरायची कटकट त्याला नको असते. आणि सह्याद्रीत रानात एकटीने तंबू ठोकू नकोस. उजेड असतानाच गावात शीर, पोलीस पाटलाचं घर विचार. शाळेच्या पडवीत जागा मिळेल, कुणीतरी पिठलं-भाकरीही आणून देईल, आणि त्या घरातली बाई तुला रात्री एकटीला बाहेर जाऊ देणार नाही.

ही शेवटची ओळ ग्रुपवर कुणी वाचलीच नाही. ती मी अभिमानाने लिहिली होती. ऑफिसच्या किचनमध्ये कुणी ‘आशिया म्हणजे धोका’ असं म्हणालं, की मी हातातला कप ठेवून भांडते. हनोई, काठमांडू आणि जुन्नर एकाच नावाखाली ढकलणाऱ्यांना सोडत नाही. तिथे मी देशाची वकील, आणि ग्रुपवर देशद्रोही.

‘गेलीस ना, मग बोलू नकोस,’ हे मात्र लागलं. जर्मन पासपोर्टचा अर्ज भरून ठेवलाय, दिलेला नाही. जर्मनी आता दुहेरी नागरिकत्व देते, भारत देत नाही. म्हणजे इथला पासपोर्ट घेतला की तिथला जातो, आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड घेतलं तरी भारतात गिर्यारोहणासाठी मलाही खास परवानगी काढावी लागेल, असा 2021 पासूनचा नियम आहे. ज्या डोंगरांची वाट मी परक्या मुलीला समजावून सांगतेय, त्या देशात मी कागदोपत्री तिच्याच रांगेत उभी राहीन. अर्ज म्हणूनच अडलाय. यादी मात्र तिला दिली आहे, आणि ग्रुपवरूनही काढणार नाही.