छोट्या खोलीत भारी स्पीकर वाया जात नाहीत, राजेहो

व्हॉट्सअपवर एक मेसेज फिरून राहिला आहे, मला एकट्यालाच तो चार जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय की १० बाय १२ च्या खोलीत दोन लाखांचे स्पीकर ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात, कारण २० हर्ट्झची (सेकंदाला २० कंपनांची) लाट १७ मीटर लांब असते, ती तेवढ्या खोलीत मावतच नाही, मग बेस तयारच होत नाही. आणि ज्यांनी घेऊन ठेवले असतील त्यांच्यासाठी उपाय: स्पीकर कोपऱ्यात सरकवा, भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा, केबल महागातली घ्या, उरलेलं इक्वलायझर (ठरावीक सूर कमी-जास्त करायची सोय) बघून घेईल. नागपूरला प्रतापनगरात राहणाऱ्या माझ्या मामांनी आधी हे कोपऱ्याचं करून पाहिलं आणि आवाज आणखीनच बिघडला तेव्हा स्पीकर विकायलाच काढले. रिटायरमेंटच्या पैशातून घेतलेले स्पीकर हो! म्हणून हे एवढं लिहायला बसलो.

आधी ती लाट मावण्याची गोष्ट. १७ मीटरचा आकडा बरोबर आहे, आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, भागिले २०, हिशोब जुळतो. पण पुढचं सगळं चूक. कानाला लाटेची लांबी ऐकू येत नाही, हवेचा दाब कमी-जास्त होतो तो ऐकू येतो. हेडफोनमध्ये कान आणि आवाज काढणारा पडदा यांच्यात दोन बोटांचं अंतर असतं, तिथं कोणती १७ मीटरची लाट मावते? तरी बेस येतोच ना. बर्डीच्या सिग्नलवर बाजूला कार येऊन थांबते आणि आतल्या गाण्यानं तिच्या काचा थरथरतात, ती कार काय ५० फूट लांब असते का? उलट बंद छोट्या खोलीत अगदी खालच्या सुरांचा जोर वाढतो, त्याला रूम गेन म्हणतात, मोठ्या हॉलमध्ये ही मदत मिळत नाही.

म्हणजे छोट्या खोलीत बेस कमी पडत नाही, तो खड्डे-टेकाडांचा होतो, म्हणजे काही सूर फुगतात आणि काही गायब होतात, खरी बिमारी ही आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज ये-जा करतो आणि ठरावीक सुरांवर अडकून बसतो. मामांची खोली लांबीला १२ फूट, म्हणजे पहिला अडकणारा सूर ४७ हर्ट्झच्या आसपास. रुंदी १० फूट, तो ५६ हर्ट्झ. आणि आपल्याकडे स्लॅबची उंचीही बहुतेक १० फूटच असते, म्हणजे तिचाही सूर ५६, एकाच जागी दोन-दोन. त्यात विटांच्या नऊ इंची भिंती, वर काँक्रीट, खाली टाइल्स, बेस बाहेर जायला जागाच नाही.

आम्ही एक रविवार यात घातला. फोनवरून सायन वेव्ह, म्हणजे एकच शुद्ध सूर, लावली, एका वेळी एकच स्पीकर चालू, ३० पासून हळूहळू वर नेत गेलो. ४७ ला मामांच्या छातीत धाप्प झालं, कारण ते मागच्या भिंतीला टेकलेल्या दिवाणावर बसले होते. ५६ ला बाजूच्या भिंतीचं लोखंडी कपाट असं खडखडलं की मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, दाराच्या फटीत पुठ्ठ्याची घडी खोचली तेव्हा कुठं ते गप्प बसलं. मग मामांना उठवून खोलीच्या बरोबर मधोमध उभं केलं आणि परत ४७ लावला तर म्हणे, "बंद केलं का?" बंद नव्हतं केलं. भिंतीजवळ जो सूर धडधडतो तो खोलीच्या मध्यावर जवळजवळ गायब होतो. स्पीकर तोच, अँप (अँप्लिफायर) तोच, फक्त माणूस सहा फूट सरकला.

आता कोपरा. इथं मेसेजवाल्यानं सगळ्यात जास्त नुकसान केलं. कोपऱ्यात ठेवला की बेस वाढतो हे खरंच आहे, पण कोपरा म्हणजे खोलीचे जेवढे अडकणारे सूर आहेत त्या सगळ्यांना एकदम चिथावणी, जे आधीच जास्त आहे तेच आणखी वाढतं, मग डग्ग्याचा घुमारा, तानपुरा, बेस गिटार सगळं एकाच सुरात घूंऽऽ करत राहतं. भिंतीपासून लांब ओढला म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. स्पीकरच्या मागच्या भिंतीवर आपटून परत येणारा आवाज सरळ येणाऱ्याला खोडतो, एक मीटर अंतर असेल तर ८६ हर्ट्झला खड्डा, ६० सेंटिमीटर असेल तर १४३ ला. म्हणून मागची भिंत आणि बाजूची भिंत यांच्यापासूनची अंतरं सारखी ठेवू नका, नाहीतर दोन खड्डे एकाच जागी पडतात. आम्ही शेवटी हे ठेवलं: स्पीकर आखूड भिंतीकडे, त्यांचं तोंड त्यांच्या मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढं, बाजूच्या भिंतीपासून सव्वादोन फूट (अडीच पाहिजे होतं, पण दार उघडेना), दोघांमध्ये साडेपाच फूट, आणि दिवाण तिथंच राहू देऊन ऐकायला वेगळी खुर्ची, कान दिवाणाच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर. खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसायचा एक जुना हिशोब आहे, हे तेच. सुरुवात करायला चांगला आहे, पुढं अर्धा-अर्धा फूट सरकून कानानं ठरवायचं. त्या दिवशी मामांनी डग्ग्याचे बोल वेगवेगळे ऐकले आणि मला म्हणाले, "काहून रे, हे आधी काहून नाही सांगितलं?"

एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये अर्धी खरी आहे. छोट्या खोलीत लहान, बंद पेटीचा स्पीकर सांभाळायला सोपा जातो. बीबीसीनं १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसारख्या चिंचोळ्या जागांसाठी एलएस ३/५ए काढला तो असाच, एवढीशी पेटी, आणि आजही लोक तो जीव लावून ऐकतात. पण म्हणून ज्याच्याकडे मोठे आहेत त्यानं विकून टाकावे असं कुठं होतं? पेटीला मागं पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, असेल तर त्यात स्पंजचा बोळा बसवून पाहा, फुकटात बेस आटोक्यात येतो.

अंड्यांचे ट्रे. कृपा करून लावू नका. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा कागदाचा लगदा, तो वरचे सूर थोडेफार विखुरतो आणि बेसला हातही लावत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात वायरिंगजवळ कागद चिकटवलेली भिंत म्हणजे आगीला आमंत्रण. आवाज शोषायला जाडी लागते, आणि ती आपल्या घरात पडूनच असते. आम्ही माळ्यावरच्या दोन जुन्या कापसाच्या गाद्या काढल्या, गुंडाळून दोरीनं बांधल्या आणि मागच्या दोन कोपऱ्यांत उभ्या केल्या, वरून चादर. टाळी वाजवली की आधी जो टर्रर्र येत होता तो कमी झाला, आवाजातला गोंधळ बसला. ४७ हर्ट्झवर त्यांचा काही फरक पडला नाही, तेवढा खालचा सूर गादीच्या आवाक्यात नाही. बाजूच्या भिंतीवर कुठं काय लावायचं ते आरशानं कळतं: खुर्चीत बसा, कोणीतरी भिंतीवर आरसा सरकवत न्या, जिथं स्पीकर दिसला तिथं जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट.

केबलचं दोन ओळीत. तीन मीटरची २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, जाऊन-येऊन ०.०५ ओहमही भरत नाही, स्पीकर ४ किंवा ८ ओहमचा, फरक कुठून ऐकू येणार. ते पैसे मोजणीच्या यूएसबी माइकमध्ये घाला, रूम ईक्यू विझार्ड हे मोजणीचं सॉफ्टवेअर फुकट आहे.

आणि इक्वलायझर. टेकाड कापायला तो उत्तम, ४७ वरचा उरलेला फुगवटा आम्ही त्यानंच कापला. पण खड्डा भरायला जाऊ नका, कारण तिथं आवाज भिंतीवरून येऊन खोडला जातो, तुम्ही जेवढा वाढवाल तेवढाच तो परत खोडतो, आणि १० डेसिबल वाढवायचे म्हणजे अँपला दहापट वॅट द्यावे लागतात. शिवाय फिल्टर, म्हणजे कापायचा सुरांचा पट्टा, फार अरुंद ठेवू नका. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, मामांच्या खोलीचा तो सूर जानेवारीत १५ अंशांना साडेसेहेचाळीसला असतो तर मे मध्ये ४० अंशांना साडेअठ्ठेचाळीसच्या आसपास जातो. आमची मोजणी थंडीतली आहे. उन्हाळ्यातली बाकी आहे, रात्री कूलर बंद करून करावी लागेल, कारण त्याच्या घरघरीत माइकला खालचं काही धड दिसत नाही, मामींनी त्यासाठी पंधरा मिनिटं दिली आहेत.