कंपनीच्या ब्लॉगला लेखक हवाय? असा पकडा

अभिनंदन! कंपनीचा ब्लॉग सुरू करताय. तुम्हाला लिहिता येतंच म्हणा, फक्त वेळ नाही. मग एखादा फ्रीलान्सर धरा. पुण्यात दगड मारला तरी दहांना लागेल.

दर शब्दावर ठरवा, तोही रुपयांत नाही, पैशांत. चाळीस पैशांपासून सुरुवात करून साठवर या आणि उपकार केल्यासारखा चेहरा करा. शब्द मोजताना शीर्षक धरू नका.

सॅम्पल फुकट मागा. आवडलं तर आणखी एक मागा.

विषय सांगू नका. 'काहीतरी हटके' एवढं बास.

आता मुख्य काम. आलेला लेख सुधारा. माझे सोलर वॉटर हीटरवाले साहेब यात वाकबगार. त्यांच्यासाठी मी मे महिन्यात भर दुपारी फिटरच्या मागे शिडीने गच्चीवर चढले. बोअरच्या जड पाण्याने तांब्याच्या नळ्यांत क्षार कसा धरतो आणि अशा सोसायटीत काचेच्या नळ्यांचा हीटर का बरा, ते त्याने सांगितलं. पिशवीतून नळीचा कापलेला तुकडा काढून दाखवला. आत नुसता पांढरा थर, जेमतेम पेन्सिल जाईल एवढं भोक. ते सगळं लिहिलं. साहेबांनी 'निगेटिव्ह वाटतं' म्हणून अख्खा परिच्छेद उडवला आणि तिथे 'उज्ज्वल भविष्याकडे एक हरित पाऊल' टाकलं. शिवाय गूगलसाठी 'सोलर वॉटर हीटर पुणे' अकरा वेळा कोंबलं. मग तोच लेख कुठल्याशा एआय डिटेक्टरमध्ये घालून मला स्क्रीनशॉट: '८२ टक्के एआय. मॅडम, हे काय?' लाल झालेली वाक्यं कुठली? हरित पाऊल! यांचंच!

लेख स्वतःच्या फोटोखाली टाका. त्याला हरकत नाही, आमचा धंदाच तो. सोबत लिंक्डइनवर 'मी रोज पहाटे चारला उठून लिहितो' हेही टाका. (वेळ खरी आहे. चारला मी लिहीत होते, तुमच्या 'अर्जंट'पायी.)

पैसे मागितले की 'अकाउंट्सला पाठवलंय'. मग अकाउंट्सचे काका सुट्टीवर. मग सही राहिली. मग नुसती ब्लू टिक.

अहो, चार महिने झाले! माझ्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या माझ्या नोंदीत, तुम्ही कापलेला टीडीएस दिसतोय. म्हणजे बिल तुमच्या वहीत चढलं, खर्च दाखवून झाला, माझी कमाई सरकारलाही कळली. फक्त माझ्या खात्याला पत्ता नाही. माझं उद्यम रजिस्ट्रेशन आहे. आमच्यासारख्या छोट्या उद्योगांसाठीच्या २००६च्या एमएसएमई कायद्याने ४५ दिवसांच्या वर पैसे अडकवता येत नाहीत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं, तेही चक्रवाढ. करार करू म्हटलं तेव्हा 'आपल्यात कशाला कागद' म्हणालात ना? मग १९५७चा कॉपीराइट कायदा एकदा वाचा. हक्क लेखी लिहून दिल्याशिवाय ते नऊ लेख तुमचे होत नाहीत, फोटो कितीही मोठा लावा.

काल मेसेज आला. वाटलं, पैसे आले. तर 'दिवाळीसाठी एक छोटासा लेख हवाय, अर्जंट.'

लाज नाही वाटत? फिटरची मजुरी अशी चार महिने ठेवलीत तर तो शिडी घेऊन दारात उभा राहील. आधी माझं बिल भरा.