काळा पैसा किती? आधी विचारा, मोजलं काय

‘काळी अर्थव्यवस्था जीडीपीच्या अमुक टक्के’ असा आकडा फॉरवर्ड होऊन आला की पुढे पाठवण्याआधी एक प्रश्न विचाराच: हा काढला कसा? गुप्ता आणि गुप्ता या अभ्यासकांनी एकूण व्यवहारांवरून 1978-79 साठी 48.8 टक्के असा आकडा काढला होता. एनआयपीएफपी या सार्वजनिक वित्त आणि धोरणाच्या राष्ट्रीय अभ्यास संस्थेच्या 1985 च्या अहवालात 1980-81 साठी 18 ते 21 टक्के आले, आणि त्यात तस्करीसारखे बेकायदा धंदे धरलेलेच नव्हते. दोन वर्षांत देश एवढा बदलला नव्हता. मोजायची रीत वेगळी होती.

फार वापरली जाते ती रोकडीची रीत. कर वाढला की लोक लपवतात आणि लपवायला रोख लागते, हा तिचा पाया. व्याजदर, दरडोई उत्पन्न आणि कराचा बोजा यांवरून लोकांकडे किती रोख असेल याचं समीकरण मांडायचं. मग त्यात कर शून्य धरून उत्तर काढायचं. जो फरक येईल ती ‘जादा रोख’. समजा जीडीपी 1000, चलन आणि चालू ठेवी मिळून 200, आणि जादा रोख 20 निघाली. उरलेल्या 180 वर 1000 चा जीडीपी फिरतो, म्हणजे पैशाचा वेग, वर्षात एक रुपया किती वेळा हात बदलतो तो, साधारण 5.6. त्यानं 20 ला गुणलं की 111, म्हणजे 11 टक्के. वेग 8 धरला तर 160. या एका गृहीतकावर पाच टक्के इकडचे तिकडे होतात, आणि दोन नंबरचा पैसा एक नंबरच्याच वेगानं फिरतो याला पुरावा काहीच नाही. कपाटात पडून असलेल्या नोटेचा वेग तर शून्य.

आपल्याकडे ही रीत उघडी पडली ती नोटबंदीनंतर. चलनाचं जीडीपीशी प्रमाण सुमारे 12 टक्क्यांवरून मार्च 2017 मध्ये 9 च्या आत आलं, आणि 2020-21 मध्ये 14 च्या वर गेलं. नुसतं हे प्रमाण बघणारा म्हणेल की काळा धंदा आधी आटला आणि मग दीडपटीहून जास्त फोफावला. खरं तर आधी नोटाच नव्हत्या, आणि नंतर कोविडच्या भीतीनं लोकांनी रोख घरात ठेवली, वर जीडीपीही घसरला. बाद झालेल्या 15.41 लाख कोटींपैकी 15.31 लाख कोटी बँकांत परत आले, हेही विसरू नका. काळं उत्पन्न म्हणजे नोटांची थप्पी नव्हे. ते वर्षभरात कमावलं जातं, आणि साठतं ते जमिनीत, सोन्यात, फ्लॅटमध्ये.

फ्लॅटचंच घ्या, मुंबईत सगळ्यांना पटकन कळेल. जुना फ्लॅट 1 कोटी 20 लाखांना विकला, करारात 1 कोटी, 20 लाख रोख. स्टॅम्प ड्युटी बुडाली, कर बुडाला, पण जीडीपीतून काहीच गळलं नाही. घर आधीच बांधलेलं होतं, फक्त मालक बदलला. त्यात नवं काही असेल तर दलालाची दलाली. आणि नव्या इमारतीचं बांधकाम आपले राष्ट्रीय लेखे, म्हणजे जीडीपीचा सरकारी हिशेब, मुख्यतः सिमेंट, पोलाद, विटा, लाकूड किती खपलं यावरून मोजतात, कराराच्या किमतीवरून नव्हे. हे 20 लाख उचलून ‘जीडीपीबाहेरची अर्थव्यवस्था’ म्हणून मिरवणं मला साफ चूक वाटतं.

कच्च्या बिलाचंही तसंच. मुळजी जेठा मार्केटमध्ये समजा 92 हजारांचं कापड लाखाला कच्च्या बिलावर गेलं. लपली लाखाची उलाढाल, पण मूल्यवर्धन, म्हणजे विक्रीतून मालाची किंमत वजा जाता जे उरतं आणि जीडीपीत धरतात ते, फक्त 8 हजार, त्यातूनही हमाली आणि टेम्पो वजा. उलाढाल बेरजेत धरणारे अंदाज फुगतात ते इथेच.

आणि सरकारी जीडीपीत लपलेलं काहीच नसतं असंही नाही. असंघटित क्षेत्रासाठी कामगार मोजतात: रोजगार सर्वेक्षणातून एकूण माणसं, त्यातून संघटित क्षेत्रातली वजा, उरलेल्यांना दरडोई मूल्यवर्धनानं गुणायचं. भिवंडीतला यंत्रमागाचा गाळा कर भरो न भरो, तिथला कारागीर या बेरजेत येतो. त्यामुळे वर पुन्हा काळ्या पैशाचे म्हणून 20 टक्के चढवले की एकच माणूस दोनदा मोजला जातो. दुखणं दुसरीकडे आहे. 2011-12 हे पायाभूत वर्ष धरलेल्या जीडीपीच्या मालिकेत त्या वर्षानंतरचं असंघटित उत्पन्न बरंचसं औद्योगिक निर्देशांक आणि संघटित क्षेत्राच्या चालीवरून पुढे ढकललं गेलं. नोटबंदीनंतर छोटे गाळे बसले आणि मोठ्या कंपन्या वाढल्या, तेव्हा याच गृहीतकानं छोट्यांचं नुकसान झाकलं. माझा खरा राग यावर आहे.

म्हणून मला भरवसा वाटतो तो गाळ्यात जाऊन मोजण्यावर. 2023-24 च्या सर्वेक्षणात असे बिगर-कॉर्पोरेट, शेतीबाहेरचे उद्योग 7.34 कोटी निघाले आणि त्यांत 12 कोटींवर माणसं. पण मालकाला ‘नफा किती?’ विचारलं तर तो कमीच सांगणार. माग किती, पाळ्या किती, मीटरमागे मजुरी किती, हे विचारायचं आणि विजेचं बिल बघायचं. समजा 12 माग, प्रत्येकाला एक अश्वशक्तीची मोटर, म्हणजे 0.75 किलोवॉट. 20 तास चालले तर दिवसाला 180 युनिट, 26 दिवसांत 4,680. मालक ‘एकच पाळी’ म्हणतो आणि बिल 4,500 युनिटांचं, तर दुसरी पाळी बिलातच दिसते. अर्थात कांडी भरायचं यंत्र आणि पंखेही त्याच मीटरवर असतात, मोटर पूर्ण भारानं चालत नाही, आणि सुताअभावी माग बंद पडतात, हे विचारून घ्यावंच लागतं. देशभराच्या विजेवरून छुपी अर्थव्यवस्था काढणाऱ्यांना हे विचारता येत नाही. त्यामुळे घराघरात एसी आले तरी त्यांना कारखाने वाढल्यासारखे दिसतात.

आणखी एक. 2008 च्या सांख्यिकी संकलन कायद्यानुसार सर्वेक्षणात दिलेली माहिती गोपनीय राहते, ती करआकारणीसाठी वापरता येत नाही. हे गाळ्याच्या दारातच, पहिला प्रश्न विचारण्याआधी, मराठीत आणि हिंदीत मालकाला नीट सांगायला हवं.