खुलासा : रासमुसेन २६व्या शतकातला नव्हताच

नागपुरातल्या विज्ञानकथाप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांवर परवापासून एक फॉरवर्ड फिरतोय : 'स्टार ट्रेक' या अमेरिकन टीव्ही मालिकेत २६व्या शतकातला इतिहासकार २४व्या शतकातल्या एंटरप्राइज या अंतराळजहाजावर येतो, जहाजाच्या कॅप्टन पिकार्डला संकटातून वाट दाखवतो आणि जाताना सामान लांबवतो.

राजेहो, चोरीपुरतंच खरं आहे. भाग १९९१चा, 'अ मॅटर ऑफ टाइम'. आपण २६व्या शतकातून आलो, हे तो 'इतिहासकार', म्हणजे रासमुसेन, स्वतः सांगतो. पुढे तेच खोटं निघतं. तो २२व्या शतकातला, न्यू जर्सीचा अपयशी संशोधक. त्याचं काळप्रवासाचं यान मात्र खरंच २६व्या शतकातलं, पण तेही ढापलेलंच. एंटरप्राइजवरच्या वस्तू आपल्या काळात मागे नेऊन एकेक 'शोध' स्वतःच्या नावावर खपवायचा त्याचा बेत. वर डेटा या जहाजावरच्या यंत्रमानव अधिकाऱ्यालाही पळवायला निघाला होता!

वाट दाखवल्याचं तर निव्वळ थाप. लघुग्रह आदळून उडालेल्या धुळीने पेंथारा ४ हा ग्रह गारठत चाललेला. शेवटचा उपाय फसला तर तिथलं सगळंच संपणार. पिकार्ड रासमुसेनला अक्षरशः विनवतो, पुढे काय झालं ते सांग म्हणून. हा पठ्ठ्या इतिहास बदलता येत नाही म्हणत हात वर करतो. सांगणार काय कपाळ, त्याला ठाऊकच नव्हतं! निर्णय पिकार्डने स्वतःच घेतला, ग्रह वाचला.

आणि 'जाताना' कुठला? डेटावर फेझर (किरणांचं पिस्तूल) रोखला, तर जहाजाच्या संगणकाने तो आधीच निकामी केलेला. यान ठरल्या वेळी रिकामंच निघून गेलं, स्वारी अटकेत.